खेळमोड्या

फुनाफुतीच्या चिमुकल्या बेटावर विमानाची धावपट्टी हेच सगळ्यांचं मैदान. तिथे संध्याकाळचा खेळ रंगात आला असताना विमान येत असल्याचा भोंगा वाजला आणि मंत्र्यांसकट सगळे चटया, चेंडू उचलून कडेला झाले. उशिरा आलेल्या त्या विमानात लितियाचा नवरा होता. दोन वर्षं जहाजावर काढून आलेल्या बापाला चार वर्षांची लेक जवळ करेल का, या धास्तीनं लितियाला घास गेला नव्हता.

सेमिसीनं उतरताच हात पसरले. पोर आईमागे दडली.

"अगं, बाबा आहेत."

"याच्यामुळे आमची शिवाशिवी मोडली," पोर फुरंगटून म्हणाली.

"चुकलं माझं. आता काय करू?" सेमिसीनं विचारलं.

तिनं त्याला नीट न्याहाळलं.

"विमान जाऊ दे. तू नको जाऊस. आमच्यात एक गडी कमी आहे."