शेजारची नळी

“येरझाऱ्या घालू नकोस रे दान्या, मला गरगरायला लागलंय,” ओरिसिया म्हणाली. दानिलो खुर्चीत टेकला आणि लगेच उठला. महिना झाला, त्याला धड झोप नव्हती. एडमंटनच्या रस्त्यांवरचा बर्फ बाजूला सारणारी गाडी चालवायचा तो. परवा स्टिअरिंगवर हात थरथरले, तसा सरळ बहिणीच्या प्रयोगशाळेत येऊन धडकला.

त्यांची आई अशीच जागी राहून राहून गेली. मेंदूतलं प्रायॉन नावाचं प्रथिन बिघडलं, आधी झोप गेली, मग आई. दुखणं घराण्यातलं. त्या रागाने ओरिसियाने अर्धं आयुष्य एक रसायन घडवण्यात घातलं. बिघडलेलं प्रायॉन सापडलं की ते त्याला जाऊन चिकटायचं आणि हिरवं चमकायचं. औषध नव्हतं ते. पण खोटं कधी बोललं नव्हतं.

काल तिने दानिलोच्या दंडाची चिमूटभर कातडी काढून घेतली. तुलनेला निरोगी माणसाची लागतेच. ती तिने नेहमीसारखी स्वतःची दिली, आणि दोन्ही तुकडे रसायनाच्या वेगवेगळ्या नळ्यांत टाकले. वर्षानुवर्षं तिचीच असायची, आणि तिची नळी कधी उजळली नव्हती. रात्री पुन्हा तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. भावाच्या काळजीने तिचीही झोप उडाली होती.

“हिरवी झाली की खेळ खलास. असंच ना, ताई?”

“गप बस. बायकोने दिलेल्या कोबीच्या गुंडाळ्या खा.”

यंत्र घुमत होतं. दानिलोने डबा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. काचेआडच्या दोन नळ्यांकडे बघायचा त्याला धीर होईना, आणि बघितल्याशिवाय राहवेनाही.

एक नळी हिरवी झाली.

त्याने भिंत धरली. ओरिसियाने वाकून त्या नळीवरची नावाची चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग काळ्या राहिलेल्या नळीवरची वाचली, आणि तिला रडूच फुटलं.

“ही काळी तुझी आहे, गाढवा. काही झालेलं नाही तुला. कॉफी कमी ढोस.”

दानिलोने तिला घट्ट मिठी मारली. महिन्याभरात पहिल्यांदा त्याला कडकडून भूक लागली. तोंडात गुंडाळी कोंबून तो खुर्चीत ऐसपैस बसला.

“मग ही हिरवी कोणाची?”

स्वतःच्या दंडावरच्या पट्टीवर ओरिसियाने बाही ओढून घेतली.

“एका निरोगी माणसाची,” ती म्हणाली.