बाईंची तोंडी परीक्षा

"मुद्दाम चुकायचं म्हणजे नेमकं किती चुकायचं?" बाईंनी विचारलं.

"निम्म्याच्या वर," मुलगा म्हणाला. "पण सगळंच चुकू नकोस. डॉक्टरांना संशय येईल."

बाई गणिताच्या शिक्षिका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळा शेजार त्यांना बाईच म्हणायचा. दुकानदाराने चुकून जास्त सुटे परत दिले, तर त्या भर उन्हात मागे फिरून त्याचा हिशेब सुधारून यायच्या. अशा बाईला खोटं शिकवायची वेळ पोटच्या पोरावर आली होती.

दुसरा इलाज नव्हता. बाबांची आठवण पार गेली होती. गॅस चालू ठेवून ते अंघोळीला जात, दार उघडं दिसलं की रस्त्याला लागत. त्यांच्या मागे पळून पळून बाई थकल्या होत्या. मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीत लटकलेला. घरी माणूस ठेवून पाहिलं, टिकलं नाही. मग अशा विसरभोळ्या रुग्णांना सांभाळणाऱ्या एका केंद्रात बाबांना एकटं ठेवलं. तिथे बाई दिसेनात म्हणून त्यांनी अन्नाला तोंड लावलं नाही. आठवड्याच्या आत घरी आणावं लागलं.

मग मुलाने आणखी केंद्रं पालथी घातली. चांगली होती ती परवडत नव्हती आणि परवडत होती ती बघवत नव्हती. हे एकच काय ते जमण्यासारखं होतं. राहतं घर भाड्याने दिलं, बाईंचं पेन्शन त्यात घातलं आणि त्याने स्वतः थोडी पदरमोड केली, की जोडप्याच्या खोलीचा खर्च भागत होता. पण नियम कडक होता. दोघांनाही हाच आजार असेल तरच खोली. धडधाकट माणसाने भेटीच्या वेळेत यायचं आणि वेळ संपली की जायचं.

"म्हणजे मी धडधाकट आहे हाच माझा गुन्हा," बाई म्हणाल्या होत्या. मग जरा वेळाने त्यांनी विचारलं, "मी तिथे असले तर हे जेवतील ना रे?"

"तू समोर असलीस की जेवतात."

"मग चुकते."

मुलगा म्हणाला, आधी एकदा तालीम करू. बाईंनी ते झटकून टाकलं. "जन्मभर पोरांचे पेपर तपासलेत मी. चुका किती तऱ्हेच्या असतात ते तू मला शिकवू नकोस."

परीक्षेच्या दिवशी बाबांना शेजारणीकडे बसवलं. बाई तयार होऊन बाहेर आल्या, तर एका पायात काळी चप्पल आणि दुसऱ्या पायात तपकिरी. मुलाला हसू आवरेना. घरापासूनच सुरुवात! त्याने मनातल्या मनात दाद दिली आणि गाडी काढली.

"किती चुकायचं म्हणालास?" वाटेत बाईंनी विचारलं.

"निम्म्याच्या वर."

दोन सिग्नल गेल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. जन्मभर दुसऱ्यांच्या परीक्षा घेतल्या, आता स्वतः बाकावर बसायचं म्हटल्यावर धास्ती वाटणारच. मुलाने न कंटाळता पुन्हा सांगितलं.

केंद्राचे डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी मुलाला बाजूच्या खुर्चीवर बसू दिलं, पण मध्ये बोलायचं नाही असं बजावलं.

"आजी, तीन शब्द सांगतो, लक्षात ठेवा. खुर्ची, नदी, बटण." बाईंनी ते स्पष्ट म्हणून दाखवले. मग डॉक्टरांनी साल विचारलं. बाईंनी पंधरा वर्षांपूर्वीचं सांगितलं, तेही ठासून. शंभरातून सात वजा करत जायला सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "त्र्याण्णव." बरोबर उत्तर ऐकून मुलगा खुर्चीत पुढे सरकला. पण पुढे त्या सत्त्याऐंशीवर गेल्या, तिथून सत्तरवर, आणि तिथेच थांबल्या. मुलाचा जीव भांड्यात पडला. पहिलं उत्तर बरोबर देऊन मग घसरायचं, हे त्याला सुचलंच नसतं.

घड्याळ काढायला सांगितलं, तर त्यांनी गोल छान काढला आणि सगळे आकडे उजव्या अंगाला दाटीने बसवले.

"आता ते तीन शब्द सांगा पाहू."

"कुठले शब्द?"

"मघाशी सांगितले होते ते."

"तुम्ही मला एकही शब्द सांगितलेला नाही," बाई करड्या आवाजात म्हणाल्या. "मुलांना न शिकवलेलं विचारू नये."

डॉक्टरच ओशाळले. मुलाने खिडकीकडे तोंड फिरवलं, नाहीतर त्याला हसू फुटलंच असतं.

मग डॉक्टरांनी त्याला बाहेर बोलावलं. "तुम्हाला कधी शंका आली नाही?"

"वयाने होतं असं, असं वाटलं," मुलगा पडेल चेहऱ्याने म्हणाला.

"वडिलांच्या गडबडीत आईंकडे कुणाचं लक्ष गेलं नसणार. बऱ्याच घरांत होतं." डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दोघांना एक खोली देऊ. सोमवारी घेऊन या."

जिना उतरताना मुलाने कित्येक महिन्यांनी मोकळा श्वास घेतला. खोटेपणा केल्याची टोचणी होती, नाही असं नाही. पण बाबा जेवणार होते. बाकीचं देव बघून घेईल, असं म्हणून त्याने मनाची समजूत घातली.

बाई आधीच गाडीत जाऊन बसल्या होत्या. मांडीवर हात ठेवून.

"आई, मानलं तुला," तो गाडी सुरू करत म्हणाला. "शब्द सांगितलेच नाहीत म्हणून उलट डॉक्टरांनाच झापलंस. मी जीभ चावून बसलो होतो."

बाईंचे डोळे भरून आले होते.

"माझ्यावर रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "चुकायचं ठरवूनच गेले होते रे. पण खोटं उत्तर काही केल्या ओठांवर येईना. आता माझ्यापायी ह्यांना तिथे एकट्याने राहावं लागणार. काय करू, त्यांनी विचारलेलं सगळं मी बरोबर सांगून आले."