नातीची आंघोळ

काशीरामनं न्हाणीच्या दगडावर बसकण मारली, दोन्ही पाय लांब केले आणि नातीला पायांवर पालथं घेतलं. सव्वा महिना सुईण येत होती. तिचं काम काल संपलं. घरात दुसरी बाई नव्हती. मुलगा आनंदा पहाटेच मिठागरावर गेला होता. सून मालू ओसरीच्या खांबाला टेकून बसली होती, कालच्यासारखीच, केस न विंचरता.

विहिरीवरून येणाऱ्या बायका थबकल्या.

"काय काशीरामदादा, सुईन झालाव का?" एकीनं विचारलं.

"झालो. तुजा नातू आन उद्या, त्यालाबी न्हानतो." बायका हसत पुढे गेल्या.

मीठ ओढून ओढून त्याचे हात चरबरीत झाले होते. ते हात पोरीच्या पाठीवरून फिरवताना तो श्वास धरून होता. त्यानं तांब्या भरून घेतला, तेवढ्यात मागून आवाज आला.

"पानी कढत हाय, बाबा."

तीन दिवसांत मालू पहिल्यांदा आपणहून बोलली होती. काशीरामनं वळून पाहिलं नाही. गार पाणी मिसळलं.

"आता?"

ती उठून आली, घंगाळात बोटं बुडवली. "आता बरा हाय." पोरीकडे मात्र तिनं पाहिलं नाही. तिथंच उकिडवी बसली.

"बाबा, मना हिची माया लागत नाय," ती हळूच म्हणाली. "दूध पाजते, पन लोकांचा पोर हातात दिल्यासारखा वाटते. अशी कशी मी आई?"

काशीराम पाणी ओतत राहिला. एक तळवा पोरीच्या कपाळाशी आडवा, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून.

"नको लागू दे," तो म्हणाला. "तवर मी करतो माया. आनंदा करतो. पोरीला कमी नाय पडायची."

मालूच्या डोळ्यांतून टिपं गळू लागली.

"आनंदा झाला तवा तुजी सासूपन अशीच बसून रहायची," तो म्हणाला. "मी तिला आळशी बोललो. दगड बोललो. लय बोललो. बाळंतीनीला असा आजार व्हतो, ह्यो मना परवा तुला न्हेली तवा पनवेलच्या डाक्तरांकडनं कळला. ती जाऊन धा वर्सां झाली. आता कोनाला सांगू, माजा चुकला म्हनून?"

मालूनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "काल दुपारी मी विहिरीवर उभी व्हते. घागर न्हेली नव्हती."

काशीरामच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पोरगी वाऱ्यानं कुडकुडून रडायला लागली. त्यानं तिला धोतराच्या मऊ तुकड्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि दुसरा ओला हात सुनेच्या डोक्यावर ठेवला.

"बोललीस, बरा केलास," तो म्हणाला. "असा काय मनात आला तर त्याच दिशी आना, डाक्तर बोलले व्हते. आनंदाला निरोप धाडतो. गाडी जोडून आजच जाऊ. तवर तू निज. मी दारात बसतो, हलायचा नाय."

"आनि पोरगी?"

"ती माज्यापाशी."

मिठागराकडे निघालेल्या शेजारच्या गोमाला त्यानं निरोप सांगितला आणि नातीला मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला. आत मालू गोधडीवर पडली होती. थोड्या वेळानं तिचा श्वास जड, संथ झाला. किती दिवसांनी तिला झोप लागली होती.

मासळीवाली सखूबाई डोक्यावर पाटी घेऊन वळणावर दिसली. तिची आरोळी खाडीपलीकडे ऐकू जाते, असं अख्खं गव्हाण गाव म्हणायचं. ती तोंड उघडणार, तोच काशीरामनं ओठांवर बोट ठेवलं आणि आत खूण केली. सखूबाईनं वाकून पाहिलं. निजलेल्या मालूकडे, मग म्हाताऱ्याच्या मांडीवरच्या पोरीकडे. तिनं मान हलवली.

मग ती पाटी सावरत, चवड्यांवर चालत, आळीतल्या एकेका दाराशी थांबून कुजबुजत गेली, "बोंबील घ्या गो, बोंबील."