मागच्या सीटवरचं वजन

माजलगावच्या आमच्या कॉलेजात आम्ही एक मोटारसायकल जमिनीला बोल्टनं आवळून बसवली होती. तिला चाकं नव्हती. समोरच्या पडद्यावर रस्ता पळायचा, आणि चालवणाऱ्याची कंबर कशी वाकते, भार कुठं जातो, ते सीटखालचे सेन्सर सांगायचे.

त्या दुपारी चाचणीला तलवाड्याचे मेंढपाळ आश्रुबा बसले. त्यांच्या पत्नी भामाबाई माझ्याशेजारी उभ्या राहून कौतुकानं बघत होत्या.

"सर, मागच्या सीटवर वजन दाखवतंय," कॉम्प्युटरवर बसलेली स्वप्ना म्हणाली. "सगळं डाव्या अंगाला."

बाई एका बाजूला पाय सोडून बसली की असंच दिसतं. पण मागची सीट रिकामी होती. मी वायर काढून पुन्हा लावली. वजन तेवढंच राहिलं.

आश्रुबा मजेत होते. मागं जागा सोडून टाकीला चिकटून बसले होते. पडद्यावर गतिरोधक आला तसा त्यांनी वेग कमी केला आणि मान किंचित वळवून म्हणाले, "धरून बस गं."

"मावशी, काका कुणाशी बोलतायत?" मी हळूच विचारलं.

"माझ्याशीच की," भामाबाई हसल्या. "आमी कुठंबी संगंच जातो."

पुढं सरळ रस्ता लागला. आश्रुबांनी गाडी पळवली. "पदर आवर, चाकात जाईल."

"आवरलाय की," माझ्याशेजारून भामाबाई म्हणाल्या.

खोलीच्या खिडक्या लावलेल्या होत्या, पंखा बंद होता. त्यांनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, तरी त्याचं टोक मागं फडफडत होतं.