नऊची बेरीज

"चार! राहूचा आकडा चिकटवून राहिला का बे माह्या पोरीच्या पत्रिकेले?" श्यामलालने पाकीट काउंटरवर आपटलं. "नऊचा दे!"

गुलाबचंदने कपाळावर हात मारून घेतला. आमगावात त्याचं कुरियरचं दुकान होतं. पाकिटांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांचं पुस्तक नागपूरहून छापूनच यायचं, आठ आकडी नंबरासकट. या पाकिटाला आला होता ४४१९९२८३. श्यामलालने बोटांवर बेरीज केली होती. चाळीस, म्हणजे चार.

"श्यामलालभाऊ, ये कुरियर है, कुंडली नहीं!"

पण श्यामलाल पडला बेरजेचा माणूस. म्हैस घेतली तीही तारखेची बेरीज करून, आणि महिनाभरात आटली तरी दोष म्हशीचाच. मोटारसायकलला नऊचा नंबर मिळेना म्हणून पठ्ठ्या चार महिने पायी हिंडला. आता तर पोरीच्या लग्नाचा प्रश्न. रायपूरच्या स्थळाने दोन मुली पसंत करून ठेवल्या होत्या. रविवारपर्यंत जिची पत्रिका आधी हाती पडेल, तिच्याशी सोयरीक पक्की.

ती पोरगी, चंदा, तिथेच स्टुलावर बसली होती. दोन वर्षांपासून या दुकानाचं रजिस्टर तीच लिहायची. तिला हे लग्न अजिबात नको होतं. नागपूरला नर्सिंगला जायचं होतं, आणि तिचा फॉर्म शनिवारच्या आत तिथे पोहोचायला हवा होता. बापाला तिने तीनदा सांगून पाहिलं. "तुह्या नावाची बेरीज नर्सची नाही येत," म्हणून बापाने विषय मिटवला.

गुलाबचंदने अख्खं पुस्तक चाळलं. सगळ्या नंबरांची बेरीज तीस, नाहीतर चाळीस. नऊचा पत्ताच नाही. त्यातून आधीचे आकडे एकेकाने वर चढायचे, तर शेवटचा खाली उतरायचा. छापणारा पिऊन छापतो, असं गुलाबचंदचं ठाम मत होतं.

"राहू दे मंग. मी पोस्टातून धाडतो," म्हणत श्यामलाल उठला.

चंदाने झटकन पेन पुढे केला. "बाबा, शेवटच्या तिनाचा आठ करा ना. पंचेचाळीस होते. चार न् पाच नऊ."

नंबर इंग्रजीत छापलेला. तिनाला डावीकडून दोन गोलाया दिल्या की आठ तयार. श्यामलालने त्या स्वतःच्या हाताने दिल्या, पाकीट कपाळाला लावलं आणि गुलाबचंदकडे पाहून छाती फुगवली. "पाह्यलं? पोरगी कोणाची आहे!" त्या आनंदात त्याने सगळ्यांना चहा पाजला.

सोमवारी तो शिव्या देतच दुकानात शिरला. पत्रिका पोहोचलीच नव्हती. रायपूरवाल्यांनी दुसरीकडे सुपारी फोडली होती. गुलाबचंदने घाबरत घाबरत कुरियरच्या नागपूरच्या मुख्य ऑफिसात फोन लावला, नंबर सांगितला आणि बराच वेळ नुसतं "हां जी, हां जी" केलं. मग त्याने फोन ठेवला.

"भाऊ, पाकीट नागपुरातच पडून आहे. म्हणतात, असा नंबर असूच शकत नाही. पहिले चार आकडे आमगावचे, पुढचे तीन पाकिटाचे. आणि शेवटचा असा ठेवतात, की सगळ्यांची बेरीज पुरी तीस, चाळीस अशीच यावी. टाइप करणारा चुकला तर लगेच कळावं म्हणून. तुमची आली पंचेचाळीस. कॉम्प्युटरने नंबर घेतलाच नाही."

"मंग हे आधी काऊन नाही सांगितलं बे?"

"मुझे क्या मालूम? दोन वर्षं मी कुठे नंबर लिहितो?"

दोघांनी एकदमच चंदाकडे पाहिलं. तिने रजिस्टर मिटलं.

"बाबा, दिसला आकडा का कर बेरीज, हे तुमीच तं शिकवलं. माहा फॉर्म मी चाळीसच्या नंबरानं धाडला होता. शुक्रवारीच पोहोचला."