बर्टचा घास

बर्ट फक्त ग्रॅहमच्याच हातून खातो, हे किनाऱ्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ग्रॅहमनेच ते सगळ्यांना सांगितलं होतं. बर्ट म्हणजे खडकांपाशी, समुद्री शेवाळाच्या रानात राहणारा निळा ग्रोपर मासा, अंगाने चांगला कोकराएवढा. जुलैच्या, म्हणजे तिथल्या ऐन हिवाळ्याच्या, कडाक्याच्या थंडीतही दर रविवारी ग्रॅहम बुडी मारून त्याला सी-अर्चिन नावाचा काळा, काटेरी समुद्री जीव फोडून भरवायचा. बायको नोलीन कोमट पाण्याचा थर्मास घेऊन खडकावर बसून राहायची.

आज तो पाण्याबाहेर आला तो तणतणतच.

"गावात नव्याने आलेल्या त्या दातांच्या डॉक्टरच्या हातून खाल्लं त्याने! माझ्याकडे पाठ फिरवून! आणि पहिल्याच दिवशी त्या माणसाला सी-अर्चिन न्यायचं सुचलं कुठून?"

"मासाच तो, ग्रॅहम," म्हणत नोलीनने नेहमीसारखं ऊब यावी म्हणून त्याच्या पाणबुडी सूटच्या गळ्यातून कोमट पाणी ओतलं. तेव्हा तिच्या अंगठ्यात रुतलेला काळा काटा त्याला दिसला.

"नोलीन, तू?"

"मीच दिला त्यांना शोधून," थर्मासचं झाकण लावत ती म्हणाली. "सुरुवातीचे काही रविवार जड जातात रे, मलाही गेले इथे खडकावर. मग होते सवय."