नवी चार चित्रं

"हात दाखवा बघू, काकू," चहाची पेली खाली ठेवत थोआ म्हणाली.

"का गं? भविष्य सांगतेस की काय?" लुआकाकू हसल्या, पण हात मांडीवरच राहिले.

थोआचं हनोईत चित्रांचं दालन होतं. तोआनकाकांची चित्रं ती अकरा वर्षं विकत होती. काळंभोर रोगण, त्यात बदकाच्या अंड्याच्या कवचाचं पांढरं वर्तुळ आणि वर्खाची एकच सोनेरी रेघ. बस्स. एवढ्यावर लोक वेडे व्हायचे.

पण यंदाच्या चार चित्रांत ती रेघ किंचित लटपटत होती. एका जुन्या गिऱ्हाइकाने चारचौघांत विचारलं, "हा हात कुणाचा?" परवा प्रदर्शन. सगळी चित्रं एकाच हातची आहेत, असं थोआला सहीनिशी लिहून द्यायचं होतं. ते खोटं ठरलं, तर दालनाला टाळंच.

तिचा संशय काकूंवर होता.

"कोपऱ्यावरची बदकाची अंडी विकणारी म्हणत होती, तुम्ही तिच्याकडून कवचं गोळा करून नेता."

"नेते की. मग काय यांना पाठवू?"

"आणि पुढे?"

"पुढे काय? डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. सुईत दोरा ओवता येत नाही, रेघ कसली ओढतेय मी!"

"तिला कशाला छळतेस?" दारातून तोआनकाका म्हणाले. "नवी चारही माझ्याच हातची आहेत. शपथेवर सांगतो."

शपथा थोआने पुष्कळ ऐकल्या होत्या. ती रोगणवाल्यांच्या घरातली. ओलं रोगण नव्या माणसाला सोडत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. बिब्बा उतावा तसं ते अंगावर उततं. वर्षभर हातांची दैना होते, मग अंगाला सवय होते आणि कातडी पुन्हा पूर्वीसारखी. यंदा काकूंनी रोगणाला हात लावला असता, तर ते लपलं नसतं.

तिने सरळ काकूंची बाही वर सारली. एक हात पाहिला, मग दुसरा. लोण्यासारखे मऊ. पुरळ नाही, डाग नाही.

थोआला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "माफ करा, काकू. अक्कलच गेली होती माझी."

"जाऊ दे. विचारलंस ते बरं केलंस. नाहीतर जेवण गेलं नसतं तुला."

थोआने तिथेच कागद काढला. जुनी-नवी सगळी चित्रं तोआन यांनी स्वतः केली आहेत, असं लिहून तिने सही ठोकली. काकांनीही खाली सही केली. एवढ्या उकाड्यात त्यांच्या सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत बंद होत्या. न्यायचं राहिलेलं चौथं चित्र चादरीत गुंडाळून ती निघाली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटत होतं.

तिच्या स्कूटरचा आवाज विरल्यावर काकूंनी कमरखाचा पाला उकळलेलं कोमट पाणी घंगाळात ओतलं. काकांनी बटणं काढून बाह्या वर केल्या. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक फोड उठले होते.

"खाजवू नका," काकू म्हणाल्या. "वर्षभर असंच उतणार. तुमच्या नावाचं पहिलं चित्र मी केलं, तेव्हा माझेही हात असेच झाले होते."